मोत्याचं बेट आणि मालकाचं नाव



एका बालवाचकाने आम्हाला प्रश्न पाठवला आहे: "कतारमध्ये समुद्रात बांधलेलं ‘द पर्ल’ नावाचं बेट आहे, ते कोणी बांधलं?" सोबत कुठल्याशा मासिकातून कापलेलं चित्र आहे. निळंशार पाणी, गोल बंदर, पांढऱ्या होड्या आणि मागे उंचच उंच इमारती. प्रश्न एका ओळीचा, पण उत्तराला हे पान पुरेल की नाही याची आम्हाला शंकाच आहे. तरी प्रयत्न करतो. मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवावं, आणि कंटाळा आला तर मधली चहाची सुट्टी घ्यावी.

आधी बेटाची माहिती. दोहा शहराच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून जवळच, समुद्रात भराव घालून हे बेट केलेलं आहे. काम २००४ साली सुरू झालं आणि २००९ च्या सुमारास लोक राहायला येऊ लागले. चारशे हेक्टरांच्या आसपास नवी जमीन आणि ३२ किलोमीटर नवा किनारा! वस्त्यांची नावं पोर्टो अरेबिया, विवा बहरिया, कनात क्वार्टियर अशी, म्हणजे अर्धी अरबी नि अर्धी युरोपातली. कनात क्वार्टियरमध्ये तर व्हेनिससारखे कालवे काढून त्यावर रिआल्टोच्या पुलाची नक्कलही उभी केली आहे. परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर घर घेता येईल अशी कतारमधली ही पहिली जागा. कागदावरचं उत्तर सोपं आहे: १९९९ साली निघालेल्या युनायटेड डेव्हलपमेंट कंपनी नावाच्या कतारी कंपनीने हे बेट बांधलं.

पण मुलांनो, कंपनी काही घमेलं उचलत नाही. कतारमध्ये दर दहा माणसांतली जवळजवळ नऊ परदेशी आहेत, आणि तिथले खड्डे खणणारे, सळ्या बांधणारे, काँक्रीट ओतणारे हात बहुतेक नेपाळ, भारत, बांगलादेश, पाकिस्तान इथून आलेले. आपल्या कोकणातलीही पुष्कळ घरं आखाताच्या मनीऑर्डरीवर उभी राहिली, हे थोरांना सांगायला नको. आपले जुने लोक नाही का एडनला, कराचीला, रंगूनला नोकरीला गेले? पोटासाठी समुद्र ओलांडणं म्हणजे काय ते आपल्या घरांना माहीत आहे.

बेटाला ‘मोती’ हे नाव का, तेही सांगतो. त्या भागात पूर्वी मोती काढणारे पाणबुडे बुड्या मारीत. मुलांनो, आजीला विचारा ‘बसरा मोती’ म्हणजे काय. नथीतला, तन्मणीतला, कुड्यांतला तो गुलाबी झाक असलेला मोती. नाव बसऱ्याचं, पण मोती बहरीन-कतारकडच्या समुद्रातला. गलबतांतून तो मुंबईला यायचा. मुंबईच्या मोती बाजारात त्याची निवड व्हायची, त्याला वेज पाडलं जायचं, आणि तिथून तो पॅरिस-लंडनला जायचा. म्हणजे ह्या धंद्याचं एक टोक आमच्या मुंबईतच होतं.

दुसरं टोक पाणबुड्याच्या कमरेला बांधलेलं. उन्हाळ्यात चारेक महिने नाकाला चिमटा, पायाला दगड, आणि वर दोर ओढणारा साथीदार. बुडी मारणाऱ्याला हंगामाआधी उचल मिळायची ती नाखव्याकडून, नाखव्याला मिळायची व्यापाऱ्याकडून. हंगाम वाईट गेला की उचल फिटायची नाही, ती पुढल्या वर्षाच्या खात्यात चढायची. माणूस बुडून मेला तर कर्ज मुलाच्या माथी, आणि मुलगा त्याच गलबतावर. १९३० च्या सुमारास जपानी मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा बसला, पुढे तेल निघालं, आणि कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९५२ साली. आमच्या कित्येक वाचकांचा जन्म त्याच्या आधीचा आहे!

ही जुनी गोष्ट आम्ही उगाच सांगितली नाही. त्या पाणबुड्याला निदान आपल्या सावकाराचं तोंड माहीत होतं. आजच्या मजुराला बहुतेक वेळा तेही माहीत नसतं, आणि सारा कायद्याचा घोळ तिथेच आहे.

पर्लच्या कंपनीवर आमचा काही आरोप नाही. ती कतारचीच कंपनी आहे आणि आमचा आजचा विषय परदेशी कंपन्यांचा. त्यासाठी फार लांब जायला नको. पर्लच्या उत्तरेला लागूनच लुसैल नावाचं अख्खं नवं शहर उभं राहिलं आहे. २०२२ च्या वर्ल्डकपची अंतिम मॅच झाली तेच हे शहर. आपल्याकडचे फुटबॉलवेडे त्या वर्षी तेल अवीवहून थेट विमानाने दोहाला गेले होते, त्यांनी पाहिलं असेल. लुसैलमध्ये ट्राम आहे, ती २०२२ च्या जानेवारीत सुरू झाली. पर्लच्या लोकांना मेट्रो जिथे जवळ पडते त्या लेगताइफिया स्टेशनावर ही ट्राम येते. ट्रामचं काम ज्या कंपनीकडे होतं तिचं नाव क्यूडीव्हीसी. २००७ साली निघालेल्या ह्या कंपनीत ५१ टक्के भाग कतारी दियार ह्या कतारच्या सरकारी कंपनीचा, आणि ४९ टक्के भाग विन्सी ह्या फ्रान्समधल्या बड्या बांधकाम कंपनीच्या एका शाखेचा.

मार्च २०१५ मध्ये पॅरिसमधल्या शेर्पा नावाच्या संस्थेने फ्रान्समध्ये विन्सीविरुद्ध फौजदारी तक्रार दिली. (नाव शेर्पा, पण डोंगर चढणाऱ्यांची नव्हे, वकिलांची संस्था बरं का!) तक्रारीत म्हटलं होतं की कतारमधल्या कामांवर मजुरांचे पासपोर्ट काढून घेतले जात, आठवड्याला फार जास्त तास काम करून घेतलं जाई, राहायला कोंदट खोल्या, आणि तक्रार केली तर परत पाठवण्याची धमकी. फ्रेंच कायद्यात सक्तीची मजुरी आणि माणसाला दास्यात ठेवणं हे गुन्हे आहेत. विन्सीने हे सारं साफ नाकारलं. आम्ही कतारचा कामगार कायदा पाळतो, कामाचे आणि विश्रांतीचे तास पाळले जातात, मजुराला पासपोर्ट हवा तेव्हा मिळतो, असं कंपनीने सांगितलं आणि उलट शेर्पावरच बदनामीचा दावा लावला.

पासपोर्टबद्दल एक गोष्ट इथे सांगून टाकतो. मजुराचा पासपोर्ट मालकाने ठेवू नये असं कतारच्या कायद्यातच २००९ पासून लिहिलेलं होतं. पण तिथे ‘कफाला’ नावाची पद्धत होती. मजूर देशात येणार तो एका मालकाच्या जामिनावर, मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलणार नाही, आणि मालकाच्या परवानगीशिवाय देशाबाहेरही जाणार नाही. माणूस असा खुंटीला बांधलेला असला की कायद्याचं कलम तो कोणाला दाखवणार? गावी सावकाराकडून दलालासाठी काढलेलं कर्ज व्याजाने वाढत असतं, ते निराळंच.

फ्रान्समधल्या तक्रारीचं पुढे काय झालं ऐका. नांतेर इथल्या सरकारी वकिलांनी चौकशी केली, आणि २०१८ च्या जानेवारीत पुरावा पुरेसा नाही म्हणून प्रकरण मिटवलं. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. शेर्पाने त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा तक्रार घातली, ह्या वेळी आधुनिक गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या आणखी एका फ्रेंच संस्थेला आणि काही भारतीय व नेपाळी माजी मजुरांना बरोबर घेऊन. मजूर स्वतः फिर्यादी झाले. तपास न्यायाधीशांकडे गेला, आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी, वर्ल्डकप सुरू व्हायला अकरा दिवस असताना, विन्सीच्या त्या शाखेला रीतसर आरोपी म्हणून तपासाखाली घेण्यात आलं. हे म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं मुळीच नव्हे. कंपनीने आरोप नाकारलेलेच आहेत, आणि न्यायालयाच्या आधी आम्ही निकाल देणार नाही. आम्हाला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नेपाळच्या डोंगरातला, तेलंगणाच्या रानातला माणूस कतारच्या वाळूत झालेल्या गोष्टीची फिर्याद फ्रान्सच्या न्यायाधीशापुढे मांडतो, आणि न्यायाधीश "हा आमचा विषय नाही" असं म्हणत नाही! काही वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

हसलो असतो, कारण मोठ्या कंपनीची रचनाच तशी असते. मुलांसाठी घरगुती उदाहरण देतो. समजा लग्नाचं जेवण आहे. यजमानाने काम दिलं कंत्राटदाराला, कंत्राटदाराने आचाऱ्याला, आचाऱ्याने मसाला वाटायला नि भांडी घासायला आणली रोजंदारीची माणसं. जेवण झालं, वाहवा झाली, यजमानाला आहेर मिळाला. आणि रोजंदारीच्या बाईचे पैसे बुडाले. ती आचाऱ्याला विचारते, तो म्हणतो कंत्राटदाराने दिले नाहीत. कंत्राटदार म्हणतो यजमानाकडून बाकी आहे. यजमान म्हणतो, बाई, मी तुला ओळखतही नाही. तिघेही कदाचित खरंच बोलत असतील! आता ह्या तिघांना तीन वेगळ्या देशांत बसवा, तिघांना तीन वेगळ्या भाषांतले कागद द्या, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपनी कशी चालते ते समजेल. नफा एकेक पायरी चढत वरपर्यंत पोचतो, त्याला कुठे अडचण येत नाही. जबाबदारी मात्र तेच जिने चढायला निघाली की प्रत्येक मजल्यावर दार बंद असतं. कायद्याच्या भाषेत आई-कंपनी वेगळी, मुलगी-कंपनी वेगळी. मुलीचं कर्ज नि मुलीचा गुन्हा आईला लागत नाही.

थोरांना भोपाळ आठवत असेलच. डिसेंबर १९८४. मुलगी-कंपनीत अमेरिकेच्या युनियन कार्बाइडचा वाटा ५०.९ टक्के होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. भारत सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. कंपनीचं म्हणणं, खटला भारतातच चालवा. १९८६ साली न्यायाधीशांनी तसाच हुकूम दिला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भोपाळच्या फौजदारी खटल्याला कधी उभे राहिले नाहीत ते नाहीतच. २०१४ साली अमेरिकेत वारले.

पण भोपाळ सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कोकणातली गोष्ट मात्र आपणच विसरत चाललो आहोत, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी खाडीच्या मुखाशी दाभोळचा वीज प्रकल्प. अमेरिकेच्या एनरॉनचा त्यात ८० टक्के वाटा, आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल ह्या आणखी दोन अमेरिकन कंपन्यांचा दहा-दहा टक्के. राजकारण काय काय झालं ते सोडून देतो, त्यावर पुस्तकं भरतील. अंजनवेल, वेलदूर, कातळवाडी ह्या गावांना जमिनीची, खाडीची आणि मासळीची काळजी होती. लोक मोर्चे काढीत, रस्त्यावर बसत. जून १९९७ मध्ये भल्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळ्यांच्या घरांत शिरले. पुरुष बरेचसे होड्या घेऊन गेलेले. बायकांना घराबाहेर ओढून काठ्यांनी मारलं, गाडीत कोंबून नेलं. त्यात एक गरोदर बाईही होती. ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये ह्याचा मोठा अहवाल काढला. त्यात सर्वांत टोचणारी गोष्ट अशी होती की प्रकल्पावर नेमलेल्या जादा पोलिसांचा खर्च कंपनीच भरत होती.

म्हणजे काठी सरकारची, आणि काठीचं भाडं कंपनीचं. मग जबाबदार कोण? सरकार म्हणालं कायदा नि सुव्यवस्था, कंपनी म्हणाली पोलीस आमचे नोकर नाहीत. डिसेंबर २००१ मध्ये एनरॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, आणि तिथे तिच्या साहेबांवर खटले झाले ते हिशेबातल्या लबाडीबद्दल. वेलदूरच्या बायकांच्या पाठीवरच्या वळांबद्दल अमेरिकेतल्या कुठल्याही न्यायालयात एनरॉनला उभं राहावं लागलं नाही.

गोष्ट इथेच संपत नाही. प्रकल्प बंद पडला तेव्हा राहिलेल्या दोन अमेरिकन कंपन्यांनी आपलं नुकसान भरून मागितलं. भारत आणि मॉरिशस ह्यांच्यात गुंतवणुकीचा करार होता, म्हणून त्यांनी मॉरिशसमधल्या आपल्या मुलगी-कंपन्यांच्या नावाने भारत सरकारवर दावा लावला. वर्षादोनवर्षांत, २००५ साली, तडजोड होऊन त्यांचे पैसे चुकते झाले. पाहिलंत? मुलगी-कंपनी आईसाठी पैसे मागायला निघाली तेव्हा कुठल्या मजल्यावर दार बंद नव्हतं. कंपन्यांसाठी देशोदेशीच्या पंचांचे दरवाजे उघडे, आणि कोळणीला मात्र गुहागरच्या कोर्टापलीकडे वाट नाही. आम्ही वकील नाही, पण तराजूचं एक पारडं खाली आहे हे सांगायला वकील लागत नाही.

हे पारडं थोडं हललं ते अलीकडे. ढाक्याजवळची राना प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, आणि शिवणकाम करणारी ११०० हून अधिक माणसं मेली. ढिगाऱ्यात युरोपातल्या नामांकित दुकानांच्या चिठ्ठ्या लावलेले कपडे सापडले. त्यानंतर चार वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, फ्रान्सने कायदा केला: मोठ्या फ्रेंच कंपनीने आपल्या मुलगी-कंपन्या आणि कंत्राटदार ह्यांच्याकडे माणसांना आणि निसर्गाला काय धोका आहे ते आधीच शोधून लिहून काढलं पाहिजे, तो टाळला पाहिजे, नाहीतर न्यायालयात जाब द्यावा लागेल. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये तशा प्रकारचा नियम मंजूर केला. पण लगेच कंपन्यांची कुरकुर सुरू झाली, आणि २०२५ मध्ये त्याची तारीखही पुढे ढकलली नि त्याला सैल करायची बोलणीही चालली. कायदा पुढे जातो तो असा, दोन पावलं पुढे, एक मागे.

लंडनमध्येही एक निकाल झाला, तो आपल्याला जवळचा. वेदांता कंपनीचे अनिल अगरवाल मुंबईत भंगाराच्या धंद्यातून वर आले. त्यांच्या कंपनीची आफ्रिकेत झांबियामध्ये तांब्याची खाण. खाणीचं घाण पाणी नदीत येऊन शेती नासली असं अठराशेहून जास्त गावकऱ्यांचं म्हणणं, आणि कंपनीचं मुख्य ऑफिस लंडनला. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की हा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो. आई-कंपनीने जर जगाला सांगितलं असेल की सर्व खाणींवर आमची देखरेख आहे, तर मग देखरेखीची जबाबदारीही आली. २०२१ साली कंपनीने, चूक कबूल न करता, तडजोड केली.

आणि आपल्या महाराष्ट्रातली यवतमाळची गोष्ट. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करता करता शेकडो शेतकरी नि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात आले, वीसच्या आसपास दगावले. औषधं पुष्कळ कंपन्यांची होती. त्यात एक ‘पोलो’, स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीचं. पोलोमधलं मुख्य द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये स्वतःच्या शेतात वापरायला परवानगी नव्हती, पण बाहेर विकायला मनाई नव्हती! सप्टेंबर २०२० मध्ये विषबाधा झालेल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सरकारी मध्यस्थाकडे तक्रार केली, आणि आणखी तिघांनी, म्हणजे दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी ह्यांनी, बासेलच्या न्यायालयाची पायरी धरली. कंपनीने जबाबदारी नाकारली. मध्यस्थाकडची बोलणी फुकट गेली. पण न्यायालयाने ह्या गरीब फिर्यादींना स्वित्झर्लंडच्या सरकारी खर्चाने वकील मंजूर केला, हेही काही थोडं नव्हे. मधल्या काळात २०२१ पासून स्वित्झर्लंडने त्या द्रव्याची निर्यातही बंद केली. आणखी एक गंमत: सिंजेंटा २०१७ पासून चीनच्या सरकारी कंपनीच्या मालकीची आहे. म्हणजे यवतमाळच्या विधवेने आई शोधत बासेलपर्यंत जावं, तर तिथे आजी निघते पेइचिंगमध्ये!

त्याच स्वित्झर्लंडमध्ये नोव्हेंबर २०२० ला जनतेचं मत घेतलं, की स्विस कंपनीने परदेशात केलेल्या नुकसानाबद्दल तिला घरच्या न्यायालयात जबाबदार धरावं का? मतदारांपैकी निम्म्याहून किंचित जास्त लोकांनी हो म्हटलं, तरी प्रस्ताव पडला, कारण तिथे प्रांतांचंही बहुमत लागतं. आम्ही त्या आकड्याकडे पाहत राहिलो. चॉकलेटं नि घड्याळं करणाऱ्या, पोट भरलेल्या देशातल्या निम्म्या माणसांना वाटलं की यवतमाळच्या बाईचं ऐकून घ्यायला हवं. आमच्या पिढीला हे नवीन आहे.

कतारचंही न्यायाने सांगितलं पाहिजे. बाहेरून टीका झाली, खटले झाले, कामगार संघटनांनी नि संयुक्त राष्ट्रांच्या मजूर संघटनेने रेटा लावला, तेव्हा तिथलेही नियम बदलले. देश सोडायला मालकाची परवानगी घेण्याची अट २०१८ ते २०२० च्या दरम्यान बहुतेकांसाठी गेली. २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाची चिठ्ठी लागणं बंद झालं. मार्च २०२१ पासून सर्वांना किमान १००० रियाल पगार ठरला. विन्सी आणि क्यूडीव्हीसीनेही २०१७ मध्ये बांधकाम मजुरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी मजुरांच्या हक्कांचा करार केला. कोणी म्हणेल हे सारं स्वतःहून झालं. आमचा अनुभव असा आहे की दारावर बेलिफाची सावली पडली की घर लवकर आवरलं जातं.

आता कोणी आम्हाला म्हणेल, दुसऱ्याच्या कफालाबद्दल लिहिता, मग इथलं काय? विचारायलाच हवं. इस्राएलमध्येही परदेशी कामगाराचा परवाना एकाच मालकाला बांधलेला असे. नोकरी सोडली की परवाना गेला. मजुरांसाठी काम करणाऱ्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही असं ठरवलं. एका न्यायमूर्तींनी तर तिला गुलामगिरीचंच नवं रूप म्हटलं. आपल्यापैकी किती घरांत आजीला उठवायला-बसवायला केरळची, नेपाळची, फिलिपाइन्सची बाई आहे! तिनेही यायला दलालाला पैसे मोजलेले असतात. तिचा पासपोर्ट ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून कपाटात कुलपात घालणारी, मनाने चांगली असलेली माणसंही आम्ही पाहिली आहेत. तो परत द्यावा. तिचा तो आहे.

शेवटी, ज्यांची भाचरं-पुतणी अजून महाराष्ट्रातून आखातात नोकरीला जातात त्या वाचकांसाठी. वरचे सगळे खटले वाचताना आम्हाला एक गोष्ट दिसली. न्यायालयात पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसतो, ‘तुम्ही कोणाकडे कामाला होता’ हा असतो, आणि पुष्कळदा मजुराला तिथेच बोलता येत नाही. म्हणून जाणाऱ्याला सांगा: करारावर सही करण्याआधी त्याची प्रत घरी ठेव. दलालाला दिलेल्या पैशाची पावती माग, देत नसेल तर तारीख नि रक्कम वहीत लिही. पगाराच्या चिठ्ठ्या टाकू नकोस. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, तर कामाच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो काढ, हेल्मेटवर आणि ओळखपत्रावर जे नाव असेल त्याचाही काढ, आणि बसवरच्या नावाचाही. ही नावं बहुधा एकसारखी नसतात. सगळी काढून बहिणीला पाठवून दे.